काटाघराचं खोटं छत

दारात पाचवीचा अख्खा वर्ग रांग धरून उभा होता आणि त्यांचे गुरुजी मला विचारत होते, "साहेब, आत जायला तिकीट किती?"

मी म्हटलं, "कसलं तिकीट?"

"अहो, पेपरात वाचलं ना. ऐतिहासिक वास्तू. म्हटलं, सुट्ट्या लागायच्या आत पोरांना दाखवून आणू."

गुरुजींच्या हातात पेपर होता आणि पेपरात माझीच जाहिरात होती. शब्दही माझेच. ‘पाचोरा शहराच्या मध्यवर्ती भागात ऐतिहासिक वास्तू, आधुनिक सुखसोयींसह, कुटुंबास राहण्यासाठी विकणे आहे.’ गुरुजींनी ‘ऐतिहासिक वास्तू’ एवढं वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. त्यांचं तरी काय चुकलं? मीही लिहिताना तिथंच रमलो होतो.

आतून नाना बाहेर आले. नाना म्हणजे घराचे मालक, रिटायर्ड हेडमास्तर. त्यांनी पोरांकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"सुधाकर, तू घर विकतोयस की सर्कस?"

नानांच्या पत्नीनं, म्हणजे काकूंनी, मात्र सगळ्या पोरांना आत घेतलं आणि पन्हं दिलं. पोरांनी घर पाहिलं, संडास पाहिला, फ्रिज उघडून पाहिला आणि ती निघून गेली. घर घेणारं त्या दिवशी एकही माणूस आलं नाही.

मी सिव्हिल इंजिनियर. म्हणजे डिप्लोमा. जळगावात पिंप्राळ्याला माझं ऑफिस होतं. कार्डावर मी ‘कन्सल्टिंग इंजिनियर अँड इंटिरियर’ असं छापून घेतलं होतं. कामं म्हणाल तर कुणाच्या संडासाचा सेप्टिक टँक, कुणाच्या वरच्या मजल्याचा स्लॅब. ऑफिसात भिंतीवर एकच फ्रेम केलेला फोटो होता, तो नानांच्या या घराचा. इंजिनियर म्हणून माझी काय ती ऐट, या एका घरावर होती.

हे घर मुळात घर नव्हतंच. पाचोऱ्यात इंग्रजांच्या काळात एक जिन होतं. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायचा कारखाना. त्या जिनच्या फाटकाशी एक दगडी इमारत होती, तिला लोक काटाघर म्हणत. शेतकरी बैलगाड्या घेऊन यायचे, बाहेर रांग लावायचे, आणि आत मोठ्या काट्यावर कापसाचं वजन व्हायचं. पुढे जिन बंद पडलं, यंत्रं भंगारात गेली, आवारात प्लॉट पडले. काटाघर तेवढं उभं राहिलं, कारण ते पाडायला कुणाला परवडेना. दोन-दोन हात जाडीच्या भिंती होत्या. नानांनी ते घेतलं आणि मला म्हणाले, "याचं घर कर."

मी केलं. ऐंशीच्या दशकातली अखेरची वर्षं. तेव्हा जळगावात फॉल्स सीलिंगचं वेड नुकतंच आलं होतं. फॉल्स सीलिंग म्हणजे खऱ्या छताच्या खाली लाकडी पट्ट्यांचा सांगाडा टांगायचा आणि त्याला काथ्या घातलेलं पीओपी, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिस, लावून गुळगुळीत छत करायचं. काटाघराच्या हॉलची उंची अवाढव्य. वर सागवानी कैच्या, म्हणजे छप्पर तोलणारे लाकडी त्रिकोण, त्यावर कौलं, कबुतरं, जाळी, जळमटं. मी म्हटलं, नाना, हे सगळं झाकून टाकू. मधोमध गोल नक्षी काढली, नक्षीच्या पोटात ट्यूबलाइटी लपवल्या. स्विच दाबला की छत निळं व्हायचं. लोक बघायला यायचे. माझ्या फोटोत जे दिसायचं ते हेच निळं छत.

अंगणात एक मोठा निंब होता. तोही मी काढायला लावला. नानांची फियाट कुठं उभी करणार? नानांकडे फियाट नव्हती, पुढेही आली नाही. पण प्लॅनमध्ये पार्किंग दाखवलं होतं ना!

चार-पाच वर्षं गेली. काकूंच्या गुडघ्यांनी संप केला. एवढ्या मोठ्या घरात देवघरापासून मोरीपर्यंत जायचं म्हणजे त्यांना मध्ये बसावं लागे. मुलगा नाशिकला. तो म्हणाला, आखाजीच्या सणानंतर तुम्ही दोघं इकडेच या. मग घर विकायचं ठरलं, आणि नानांनी मला बोलावून घेतलं.

"तू केलंस, तूच विक. पण एक लक्षात ठेव. राहणाऱ्याला द्यायचं. पाडणाऱ्याला नाही."

पाडणारा तयारच होता. मगनशेठ. त्यांचा इरादा साधा होता, घर आडवं करायचं आणि रस्त्याला लागून दुकानांचे गाळे काढायचे. त्यांनी मला एकदा बाजारात गाठलं आणि पानाचा डबा पुढे केला.

"साहेब, कशाला उन्हात फिरता? आखाजीपर्यंत कोणी आलं नाही तर नाना माझ्याकडेच येतील. आणि गाळ्यांचा प्लॅन तुम्हीच काढा. बोर्डावर तुमचं नाव मोठं लावू."

खोटं कशाला बोलू, घरी येईपर्यंत स्कूटरवर माझा मनातल्या मनात गाळ्यांचा जिनासुद्धा काढून झाला होता. मग ऑफिसात आलो, फोटोकडे पाहिलं, आणि लाज वाटली. एकच तर चांगलं काम केलं होतं आयुष्यात, तेही मीच पाडायचं?

काकूंना कुणी काही विचारत नव्हतं. मी एकदा विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं?" त्या पोळ्या लाटत होत्या. म्हणाल्या, "मला काय वाटायचंय रे. माहेरचं घर भावांनी विकलं तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं. फक्त पाडू नका म्हणावं. नाशिकला झोपल्यावर डोळे मिटले की इथं फिरता आलं पाहिजे." मी पोळी खाल्ली आणि उठलो.

मग जाहिरात दिली. तिचं काय झालं ते सांगितलंच. पोरं येऊन गेल्यावर एक किराणा दुकानदार आला. घर त्याला पसंत पडलं. जाताना म्हणाला, "ऐतिहासिक आहे म्हणता, मग उद्या सरकार जमा तर नाही ना होणार?" मी म्हटलं, छे हो, तो आपला नुसता शब्द आहे. तो म्हणाला, "नुसता शब्द कोणी पैसे देऊन छापतं का?" आणि गेला तो गेलाच. दुसऱ्या एका बाईंनी हळूच विचारलं, "आत कोण मेलं होतं?"

मी जाहिरात बदलली. ‘ऐतिहासिक’ काढलं आणि सरळ लिहिलं, ‘काटाघर नावाने प्रसिद्ध असलेली मजबूत दगडी इमारत’. म्हटलं, नाव सगळ्यांच्या ओळखीचं आहे, फायदा होईल.

फायदा कसला, आगीतून फुफाट्यात! पाचोऱ्यात घर घ्यायला येणारी माणसं कोण? आजूबाजूच्या खेड्यांतली. मळा चांगला आहे, नातवंडांच्या शाळेसाठी गावात एक घर हवं, अशी. आणि त्या प्रत्येकाच्या बापानं, आज्यानं या काट्यावर कापूस घातलेला. एक म्हातारे तर उंबऱ्याबाहेरूनच परत फिरले. म्हणाले, "आठे मापमा पाप व्हये भाऊ. आठे झोप लागाव नही." म्हणजे इथं मापात पाप व्हायचं, इथं झोप लागणार नाही. मी त्यांना भिंतींची जाडी सांगत होतो.

जे आत यायचे ते पाच मिनिटांत घामाघूम होऊन बाहेर यायचे. वैशाख तोंडावर आलेला, खान्देशातलं ऊन, आणि माझं निळं छत. पंखा फिरायचा पण गरम हवाच ढवळायचा. मी सगळ्यांना समजावून सांगायचो की शास्त्राप्रमाणे फॉल्स सीलिंगनं घर थंड राहतं. लोक पंच्यानं मान पुसत ऐकून घ्यायचे. आमच्याकडे पाहुण्याच्या तोंडावर नाही म्हणत नाहीत. "कळवतो" म्हणतात. मला इतक्या लोकांनी "कळवतो" म्हटलं होतं की मी तो शब्द घरी बायकोला वापरायला लागलो होतो.

आखाजी चार दिवसांवर आली तेव्हा भागवत आबा आले. गिरणेकाठचे मोठे बागाईतदार. बरोबर त्यांची बायको. त्यांना सगळे अक्का म्हणत. आबा कमी बोलणारे. ते दारातच थांबले. डाव्या बाजूच्या दगडाला हात लावून उभे राहिले.

"आठेच उभी ऱ्हाये आमनी गाडी," ते म्हणाले.

मी मनात म्हटलं, गेलं हेही गिऱ्हाईक. मापात पाप निघायच्या आत मी त्यांना घाईघाईनं आत नेलं आणि स्विच दाबला. छत निळं झालं.

अक्कांनी वर पाहिलं. "हाई काय शे?"

"फॉल्स सीलिंग."

"म्हंजे?"

"म्हणजे... खोटं छत."

"आनि खरं?"

"खरं वर आहे."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. वेड्याला काय बोलायचं, असं ते पाहणं होतं. मग म्हणाल्या, "मन्या चार आंडेरी शेतस. आखाजीले बठ्ठ्या येतस. झोका कोठे बांधाना?"

आंडेरी म्हणजे लेकी, बठ्ठ्या म्हणजे सगळ्या. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि खान्देशात आखाजी म्हणजे सासुरवाशिणींची दिवाळी. त्या दिवसांत लेकी माहेरी येतात, गौराई बसवतात, आणि झोके खेळतात. हा झोका म्हणजे बंगल्यातला पितळी कड्यांचा, पान खात बसायचा झोपाळा नव्हे. दोन पोरी समोरासमोर उभ्या राहतात आणि दोर आडवा होईस्तोवर चढवतात. ज्या घरी लेकींना झोका नाही, ते कसलं माहेर? हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी बहीण दर वर्षी यायची. पण प्लॅन काढताना ते डोक्यात आलं नाही, कारण कॉलेजच्या पुस्तकात आखाजी नव्हती.

मी म्हटलं, "अक्का, जळगावात लोखंडी स्टँडचे रेडीमेड झोपाळे मिळतात. घडी होतात."

"निंब व्हता ना आंगनमा? रस्त्यावरतून दिसे."

नाना खोकले. मी म्हटलं, "तिथं आता पार्किंग आहे."

अक्का पदरानं वारा घेत दाराकडे निघाल्या. आबा म्हणाले, "बरं, कळवतो." संपलं. मी पाहिलं, काकू स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या.

आता मी पुढे जे बोललो ते का बोललो मला माहीत नाही. सुचेल ते बोलत सुटायची मला सवयच आहे. म्हटलं, "तसं वरती कडी आहे. काट्याची. पण ती आत गेलीय, छताच्या वर."

आबा वळले. "काटानी कडी? ती शे का आजून?"

"आहे ना. मधल्या तुळईला. तिला कापसाचा अख्खा काटा लोंबायचा. काढायला गेलो तर निघेना, म्हणून झाकली."

"दाखाडा."

दाखाडा म्हणजे दाखवा. वायरमनसाठी मी कोपऱ्यात एक चौकोनी भोक ठेवलं होतं, वर झाकण. शिडी लावली. माझा विचार असा की मी वर जायचं, टॉर्च कडीवर मारायचा आणि आबांनी शिडीवरून डोकं घालून बघायचं. फॉल्स सीलिंगवर चालायचा एकच नियम असतो. लाकडी पट्टीवर पाय द्यायचा, पीओपीवर द्यायचा नाही. हा नियम न पाळणाऱ्या वायरमनच्या मी आई-बापांचा उद्धार केलेला आहे.

मी वर गेलो आणि पट्ट्यांवरून मधल्या तुळईकडे निघालो. पहिली गोष्ट कळली ती ही की वर गार होतं. भिंतीत वरच्या बाजूला ओळीनं मोठे झरोके होते, कापसाची धूळ बाहेर जावी म्हणून जुन्या लोकांनी ठेवलेले. मी ते बुजवले नव्हते. नुसते माझ्या छताच्या वर ठेवून दिले होते. म्हणजे वारा एका झरोक्यातून यायचा, कबुतरांना लागायचा आणि दुसऱ्या झरोक्यातून निघून जायचा. खाली माणसं उकडत होती. हे शास्त्र माझ्या ध्यानात येत होतं, त्याच वेळी एक कबूतर फडफडत माझ्या तोंडावर आलं.

माझा पाय पट्टीवरून सरकला.

खाली काय दिसलं ते नानांनी नंतर गावभर सांगितलं, म्हणून मलाही पाठ आहे. आधी कड्कन आवाज झाला. मग निळ्या नक्षीच्या बरोबर मधून माझा सफारीतला पाय मांडीपर्यंत खाली आला. बूट सुटून टीपॉयवर पडला. काकू ओरडल्या, "अगं बाई, सुधाकर!" आणि पांढऱ्या भुकटीचा ढग सगळ्यांच्या अंगावर बसला.

मी वर दोन्ही हातांनी पट्टी धरून अडकलेला. मला वाटलं, खालचे सगळे पळाले. मग अक्कांचा आवाज आला.

"वारा उना."

माझ्या पायाच्या आजूबाजूनं जे भगदाड पडलं होतं, त्यातून वरचा गार वारा खाली उतरला होता. अक्का त्याच्याखाली तोंड वर करून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आते घर वाटस."

नाना म्हणाले, "सुधाकर, दुसरा पाय पण घाल."

मला ओढून काढलं. पोटरी सोलवटली होती, बाकी काही नाही. नानांनी त्याच दिवशी दोन गडी लावून छत उतरवलं. मी बाजूला उभा राहून बघितलं. निळी नक्षी आधी गेली. वाईट वाटलं, का नाही वाटणार? पण जसजसं ते उतरत गेलं तसतशी सागवानी कैच्यांची रांग उघडी पडत गेली, झरोक्यांतून उजेडाचे पट्टे जमिनीवर आले, आणि मी पाहतच राहिलो. इतकी देखणी इमारत माझ्या हातात आली होती आणि मी तिला टोपी घातली होती.

मधल्या तुळईला कडी होती. मनगटाएवढी जाड, काळी. आबा तिच्याखाली जाऊन उभे राहिले.

"मना बापनी ही कधी देखी नही," ते म्हणाले. "कास्तकारले आत येऊ देत नव्हतात. मुनीम आतून आकडा ओरडे, तो ऐकाना आनि गाडी वळावानी."

कास्तकार म्हणजे शेतकरी. आतलं वजन पाहायची त्याला मुभा नव्हती. फक्त ऐकायची. मी घाबरत विचारलं, "मग आबा, अशा घरात तुम्हाला..."

"मना बाप दारलगून उना," आबा म्हणाले. "मी आत ऱ्हासू."

बाप दारापर्यंत आला, मी आत राहीन. जाहिरातीत मी इतके शब्द खर्च केले होते आणि घर विकलं गेलं ते या चार शब्दांवर.

पण अजून एक अट होती, आणि ती अक्कांची होती. कडी इतक्या वर्षांची, तिच्यावर लेकी चढणार. मी म्हटलं, अक्का, मी इंजिनियर आहे, मी सर्टिफिकेट लिहून देतो.

"कागद झोका खेळस का?" अक्का म्हणाल्या. "तुम्ही बसा."

तर आखाजीच्या आदल्या दिवशी, जाड दोर बांधून, खाली फळी अडकवून, माझी लोड टेस्ट झाली. लोड टेस्ट म्हणजे बांधकामावर मुद्दाम जास्त वजन टाकून ते टिकतं का पाहणं. त्यासाठी साधारणपणे वाळूची पोती वापरतात. इथं मला वापरलं. मी तेव्हाही अंगानं भरलेला होतो. आबांच्या चारही लेकी आल्या होत्या. त्यांनी मला फळीवर उभं केलं आणि दोन्ही बाजूंनी झोका दिला. पहिल्या दोन-चार झोक्यांना मी कडीकडे पाहत होतो, व्यावसायिक नजरेनं. त्यानंतर मी डोळे मिटून घेतले आणि "पुरे, पुरे!" म्हणून ओरडायला लागलो. पोरींनी लगेच गाण्यात माझं नाव गुंफलं, आणि त्या गाण्यात मी कोण होतो ते इथं सांगण्यासारखं नाही. कडी जागची हलली नाही. मी मात्र उतरल्यावर भिंतीला धरून बसलो.

आबांनी नानांच्या हातात नारळ ठेवला. व्यवहार झाला. मगनशेठनी नंतर मला बाजारात पाहिलं की पान लपवायला सुरुवात केली.

सगळे पेढे खात होते तेव्हा काकू एकट्याच हॉलच्या कडेला उभ्या होत्या. घर वाचलं होतं, पण ते आता त्यांचं नव्हतं. डोळे भरून आले होते. अक्का त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा हात धरून झोक्याशी घेऊन आल्या आणि फळीवर बसवलं. काकू म्हणाल्या, "अहो नको, माझे गुडघे..." लेकींनी हळूहळू झोका दिला. अगदी हळू.

अक्कांनी विचारलं, "माहेर कोनतं तुमनं?"

"होतं," काकू म्हणाल्या. "आता कुणी नाही तिथं."

"मंग हाई काय शे?" अक्का म्हणाल्या. "पुढनी आखाजीले येवानं. मन्या चार व्हत्यात, आते पाच."

काकू पदरात तोंड घालून रडल्या. नानांनी चष्मा पुसायला घेतला आणि ते बराच वेळ पुसत राहिले. मी पेढा तोंडात धरून उभा होतो.

अक्कांनी ते तोंडदेखलं म्हटलं नव्हतं. पुढच्या आखाजीला त्यांचा मुलगा मुऱ्हाळी म्हणून नाशिकला गेला. मुऱ्हाळी म्हणजे लेकीला माहेरी आणायला जाणारा भाऊ. तो काकूंना घेऊन आला. गुडघे दुखत होते तरी त्या दर वर्षी यायच्या, जमलं तोवर. नाना मागून यायचे, जावई म्हणून. जे घर त्यांनी स्वतः विकलं, तिथंच त्यांना पाटावर बसवून खापराच्या पुरणपोळ्या वाढायचे, वर टोपी-टॉवेलचा आहेर. नाना मला म्हणाले, "सुधाकर, मालक होतो तेव्हा या घरात मला कुणी विचारत नव्हतं रे. जावई झालो तर एवढी सरबराई!"

ऑफिसातला निळ्या छताचा फोटो मी उतरवला. दुसरा काही लावला नाही, कारण छतातून लोंबणाऱ्या माझ्या पायाचा फोटो कुणी काढला नव्हता.

पुढे बरीच घरं बांधली. गिऱ्हाईक समोर येऊन बसलं की नवे इंजिनियर प्लॉटचं माप विचारतात, बजेट विचारतात. मी आधी विचारतो, "लेकी किती?" मग छताची उंची ठरवतो.